मांगूर, शिंगी, शिंगाळा, बासा : बिनखवल्याच्या माशांची साफसफाई, कालवण आणि त्यांच्याभोवतीच्या समजुती

उलटीगंगा (धागाकर्ता)

मिशीवाल्या माशांबद्दल (इंग्रजीत कॅटफिश) दर पावसाळ्यात तेच ते प्रश्न येतात आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरलेली असतात. म्हणून सगळं एका ठिकाणी आणू. आधी ओळख, कारण निम्मा घोळ नावांचा आहे. शिंगी, शिंगटी, शिंगाळा ही नावं एका गावात एका माशाला, तर पुढच्या गावात दुसऱ्याच माशाला लावतात. त्यामुळे नावावर जाऊ नका, अंग बघा.

मांगूर : डोकं चपटं, मिशांच्या ४ जोड्या, पाठीवरचा पर डोक्यामागून सुरू होऊन शेपटीपर्यंत अखंड. रंग तपकिरी-काळसर.

शिंगी : अंग मांगरासारखंच, पण बारीक. पाठीवरचा पर अगदी छोटा. छातीच्या परांचे काटे विषारी. यावर खाली वेगळं लिहितो.

शिंगाळा (नदीचा) : रुपेरी, तोंड लांबट. शेपटीच्या अलीकडे पाठीवर मांसल, बिनकाट्याचा दुसरा पर असतो आणि त्याच्या मुळाशी काळा ठिपका. हा ठिपका दिसला की ओळख पक्की.

शिवडा : मिशांच्या दोनच जोड्या, तोंड डोळ्यांच्याही मागेपर्यंत फाटलेलं, पाठीवरचा पर नावाला, पोटाखालचा पर मात्र लांबच लांब. पक्का शिकारी.

यातले मांगूर आणि शिंगी हवेतून श्वास घेतात. शिंगाळा आणि शिवडा घेत नाहीत. हा फरक नीट लक्षात ठेवा. खाली आजारी माणसाला मांगूर का देतात, मढं खाणारा मासा का म्हणतात, बाजारात बादलीत जिवंत का असतो, असलं जे काही येणार आहे त्यातलं बरंचसं या एकाच गोष्टीतून निघतं.

गोटीसोडा

काळा ठिपका बघायला मासा उलटासुलटा केला की विकणारी बाई जे बोलते त्याचाही धागा काढा.

भोगावतीकर

उलटीगंगा, ओळखीत थायी मांगूर राहिला. सगळ्यात जास्त फसवणूक तिथंच होते.

देशी मांगूर सावकाश वाढतो, वर्षभरात पावशेराच्या आतच राहतो. बादलीत किलो-दीड किलोचा मांगूर दिसला आणि विकणारा “देशी हाय, नदीचा हाय” म्हणत असला तर तो आफ्रिकी आहे, ज्याला आपल्याकडे थायी म्हणतात. लहान असला तर कवटीची मागची कड बघा. डोकं संपून मान सुरू होते तिथं बोट फिरवायचं. देशीत हाड एकाच टोकाचं, व्ही अक्षरासारखं लागतं. आफ्रिकीत मधे खाच असते, दोन टोकं लागतात. शिवाय आफ्रिकीच्या अंगावर राखाडी ढगाळ डाग असतात आणि पोट पांढरट.

याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. २०१९ मध्ये हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितलं, त्यानंतर उजनीच्या पट्ट्यात इंदापूर-भिगवणकडची तळी रिकामी केली गेली. कारणं दोन. एक, तो नदीत सुटला की बाकीच्या माशांची पिल्लं आणि अंडी फस्त करतो. दुसरं, त्याला कत्तलखान्यातलं वाया गेलेलं, सडकं मांस घालून वाढवतात. म्हणजे स्वस्त मिळतो म्हणून घेण्यासारखा हा मासा नाहीच, मग कालवण कितीही झणझणीत करा.

विळीपाट

भोगावतीकर भाऊंनी बरं सांगितलं. आता साफसफाई लिहिते, कारण मांगूर बिघडतो तो नव्वद टक्के वेळा मोरीतच, चुलीवर नाही.

१ किलो मांगूर घेतला की डोकं, आतडं, पर जाऊन हातात साधारण ६०० ते ६५० ग्रॅम येतो. त्या हिशेबानं घ्या. चार माणसांना सव्वा किलो अख्खा.

जिवंत असेल तर आधी गार करायचा. बर्फाच्या पाण्यात २० ते ३० मिनिटं ठेवला की मंद होतो. मग ओल्या गोणपाटात धरून डोळ्यांच्या मागं वरवंट्याचा एक नेमका घाव. काहीजण बादलीत मूठभर मीठ टाकून वर झाकण दाबून धरतात. मासा तडफडतो, सगळा फेस होतो, काटे एकमेकांना लागून कातडी फाटते. ते करू नका. माशाचे हाल होतात आणि मांसही रक्ताळतं.

बुळबुळ काढायच्या दोन तऱ्हा. चुलीची चाळलेली राख असेल तर किलोला दोन मुठी. राख आणि खडा मीठ लावून डोक्याकडून शेपटीकडं चोळायचं, धुवायचं, परत एकदा. राख नसेल तर गरम पाणी. पण उकळतं नाही. बोट क्षणभर धरवतं न धरवतं एवढं, आणि त्यात मासा १५ सेकंद, फार तर २०. बुळबुळ पांढरी होऊन साय धरल्यागत वर येते, ती सुरीच्या पाठीनं खरवडायची. उकळत्या पाण्यात टाकला की कातडी शिजून मांसाला चिकटते, मग खरवडताना चिंध्या होतात.

त्यानंतर पर. छातीच्या दोन परांत कणखर काटा असतो आणि तो ताठ झाला की तसाच अडकून बसतो, दाबून मिटत नाही. पकडीनं मुळाशी धरून पिरगाळायचा. कात्रीनं टोक कापलं तर उरलेलं खुंट कालवणात तोंडात येतं.

पोट फाडताना सुरा वरवर चालवा. डोक्याजवळ हिरवी पित्ताची पिशवी असते, ती फुटली तर लगेच तेवढा भाग कापून टाका. धुऊन कडूपणा जात नाही.

आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटतं ते : कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा लालसर गुच्छ असतो. मांगूर हवेतला श्वास घेतो तो त्यातून. त्यात रक्त आणि गाळ साठतो. डोकं रश्श्यात घालणार असाल तर तो बोटानं ओढून काढलाच पाहिजे. “डोकं घातलं आणि अख्खं पातेलं वासाळलं” अशी तक्रार येते तेव्हा दहातल्या नऊ वेळा तो गुच्छ आत राहिलेला असतो.

खडामीठ

काकी, कातडी ठेवायची का काढायची?

विळीपाट

कालवणाला ठेवायची, तळायला काढायची. कातडीतला चिकटपणा रश्श्याला अंग देतो. तळताना मात्र ती आकसते, तुकडी वाकडी होते आणि मधे कच्ची राहते. काढायची तर डोक्यामागं गोल चीर द्यायची, कडेला बोटानं सोडवायची आणि पकडीनं शेपटीकडं एका दमात ओढायची. ठेवायची असेल तर प्रत्येक तुकडीला कातडीवर दोन तिरक्या चिरा, म्हणजे आकसायला जागा मिळते.

जाळंवाला

शिंगीबद्दल उलटीगंगा लिहितो म्हणालेत, तोवर मी टाकतो कारण ते तातडीचं आहे. शिंगीचा काटा लागला की आग आग होते, हात खांद्यापर्यंत ठणकतो. त्यावर चुना, तंबाखू, माशाचंच मेंदू-पित्त असलं काहीही लावू नका. हे विष उष्णतेनं मोडतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे ४० ते ४५ अंश, हात बुडवून ठेवायचा, अर्धा ते दीड तास. पाणी गार झालं की बदलायचं. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखावलेल्या हातानं तपासा. दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही आणि वर फोड येतात. काट्याचं टोक आत मोडलं असेल तर दवाखाना, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच. मांगराचा काटाही टोचतो, पण शिंगीएवढा नाही.

उलटीगंगा

जाळंवाले, नेमकं लिहिलंत. मी वेगळं लिहीत नाही.

आता समजुतींकडे. पहिली, “मांगूर खाल्ला की रक्त वाढतं”. बंगाल, आसाम, बिहारकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला शिंगी-मांगराचा पातळ झोल देतात. आपल्याकडेही हा समज आहेच. रक्तवाढीचा दावा तपासला तर टिकत नाही. लोहाचं प्रमाण मटणापेक्षा कमीच आहे. हवेत श्वास घेणारा मासा असल्यानं त्याचं मांस तांबूस दिसतं आणि लाल दिसलं की रक्त आठवतं, एवढाच तो हिशेब असावा. पण आजाऱ्याला हा मासा देण्यामागं शहाणपण होतं. रोहू-कटल्यासारखे बारीक दुफाटे काटे मांगरात नसतात. मऊ शिजतो. प्रथिनं १०० ग्रॅमला १५ ते १८ ग्रॅम. आणि बर्फ नसलेल्या काळात घरात ओल्या फडक्याखाली, हंड्यात दोन दिवस जिवंत राहणाऱ्या मोजक्या माशांतला हा एक. म्हणजे शिजवेपर्यंत ताजा असल्याची खात्री. आजाऱ्याच्या पोटाला त्याचाच फायदा झाला, श्रेय मात्र रक्ताला मिळालं.

बावड्याचा_वैद्य

दुसरी समजूत माझ्याकडे. “दूध-मासे एकत्र खाल्लं की कोड येतं.”

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे आणि तिथं चक्क वाद रंगलाय. भद्रकाप्य नावाचा ऋषी म्हणतो, एक चिलिचिम सोडला तर बाकी सगळे मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही. संहितेतले गुरू आत्रेय त्याला खोडून काढतात : कुठलाच मासा दुधाबरोबर नको, आणि चिलिचिम तर मुळीच नको.

आता हा चिलिचिम कोण? इंटरनेटवर बरेच जण ठोकून देतात की तो मांगूर, कारण ग्रंथात तो “बहुधा जमिनीवर फिरतो” असं आहे आणि मांगूर पावसात एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात सरपटत जातो. पण त्याच वर्णनाची सुरुवात “शकली” या शब्दानं होते. शकली म्हणजे खवल्यांचा. पुढं लाल डोळे, अंगावर लाल रेघा, आकार रोहितासारखा, म्हणजे रोहूसारखा. मांगराला एक खवला नाही, डोळा बारीक, रेघा नाहीत. तेव्हा चिलिचिम कुणीही असो, मांगूर नव्हे. मांगराला चरकाच्या नावावर बदनाम करू नका.

कोडाचं म्हणाल तर ते शरीराच्या प्रतिकारशक्तीनंच रंगपेशींवर हल्ला केल्यानं होतं. जेवणातल्या दूध-माशानं होत नाही. ज्यांना विरुद्ध आहार पाळायचा त्यांनी पाळावा, पण कोडाची भीती घालून नको.

गोटीसोडा

मासे खाऊन चहा?

बावड्याचा_वैद्य

अध्यायात चहा नाही.

भोगावतीकर

वैद्यबुवांना विचारायचं होतं ते वेगळंच. चिखलाचा वास काढायला ताकात मासा भिजवतात. त्याला काय म्हणाल?

बावड्याचा_वैद्य

ग्रंथापुरतं बोलायचं तर वाद दुधाचा आहे. ताकाचं स्वयंपाकघरातल्यांना विचारा.

उलटीगंगा

ताक चालतं, आणि का चालतं तेही बघू. मातकट वास चिखल चिकटल्यानं येत नाही, म्हणून धुऊन जात नाही. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि गाळातले जिवाणू जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तोच हा. ते माशाच्या चरबीत साठतं. म्हणून कातडीखाली, पोटाच्या पडद्यात आणि अंगाच्या दोन्ही कडांना जी गडद तांबडी पट्टी असते तिच्यात वास जास्त.

आंबटात जिओस्मिन मोडतं. त्यामुळे ताक, चिंच, लिंबू सगळ्यांचा उपयोग होतो. किलोभर तुकड्यांना दोन-अडीच वाट्या आंबट ताक, मीठ, २० ते ३० मिनिटं. त्याहून जास्त ठेवलं तर मांस पिठूळ होतं आणि रश्श्यात विरघळतं. ताक फेकून द्यायचं, तुकड्या धुऊन कोरड्या करायच्या. तांबडी पट्टी आणि पोटाची चरबी आधी कापून टाकलीत तर निम्मं काम तिथंच होतं.

चटणी दुप्पट टाकून हा वास दबतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तसं करून बघावं. तिखट आणि मातकट असं दोन्ही लागतं.

खडामीठ

जिवंत मासा घरी स्वच्छ पाण्यात ठेवायचा त्याचं काय? कुणी एक रात्र म्हणतं, कुणी आठवडा.

जाळंवाला

एका रात्रीनं पोट रिकामं होतं, वास जात नाही. २ ते ३ दिवस लागतात. शेततळ्यातला माल असेल तर जास्तही. किलोला किमान १५ ते २० लिटर पाणी. नळाचं पाणी थेट घालू नका, क्लोरीननं कातडी पांढरी पडते. रात्रभर उघडं ठेवलेलं किंवा बोअरचं घ्या. दिवसातून दोनदा बदला. खायला काही घालायचं नाही. जाळीचं झाकण आणि वर वीट ठेवा, नाहीतर सकाळी मासा न्हाणीत नाहीतर अंगणात सापडेल. पाणी काठोकाठ भरू नका, त्याला वर येऊन श्वास घ्यायला जागा लागते. बादलीवर घट्ट झाकण लावलं तर पाण्यातला मांगूरसुद्धा गुदमरून मरतो, हे ऐकायला विचित्र पण खरं आहे.

भोगावतीकर

यात एक मोठी खोच आहे आणि ती कोल्हापुरात सगळ्यांना कळायला हवी.

पंचगंगेत मळीचं किंवा मैल्याचं पाणी आलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. रोहू-कटला उलटे होऊन तरंगायला लागतात. राजाराम बंधाऱ्याला, खाली शिरोळकडं तेरवाडला असे खच बातम्यांत येतातच. त्या पाण्यात मांगूर मात्र वर येऊन हवा घेतो आणि जगतो. दुसऱ्या दिवशी तो बादलीत वळवळताना बघून गिऱ्हाईक म्हणतं, “जित्ता हाय, ताजा हाय.” बाकीच्या माशांच्या बाबतीत जिवंत म्हणजे पाणी बरं असावं असा अंदाज तरी काढता येतो. मांगराच्या बाबतीत तोही काढता येत नाही.

आणि तीन दिवस पाण्यात ठेवून जिओस्मिन जाईल, पण कारखान्याच्या पाण्यातले जड धातू आणि शेतातून आलेली औषधं जात नाहीत. तेव्हा मासेमारीच्या बातमीबरोबर नदीची बातमीही बघत जा. मेलेले मासे तरंगले असतील त्या आठवड्यात नदीचा मांगूर घेऊ नका. राधानगरीच्या, वरच्या अंगाच्या पाण्यातला बरा, तोही कुठून आणला हे विकणारा नीट सांगत असेल तर.

उलट बाजूही लिहितो. बाजारात मेलेला मांगूर दिसला तर तोही नको. पाण्याबाहेर तासन् तास जगणारा मासा मेलाय म्हणजे एकतर आजारी होता नाहीतर बराच वेळ झालाय. शिंगाळा-शिवड्याला हा नियम लागू नाही. ते बर्फातलेच येणार, तिथं डोळा आणि कल्ले बघायचे.

गोटीसोडा

म्हणजे जित्ता घ्यायचा नाही आणि मेलेलाही घ्यायचा नाही. मटण घेतो.

भोगावतीकर

जित्ता घ्यायचा रे भावा, पण कुठला ते इचारून. मटण घेतानाबी इचारतोसच की.

पाटाखालचं_मांजर

मढं खाणारा मासा म्हणतात ते खरं का? आमच्याकडे घाटाजवळचा मासा कुणी घेत नाही.

उलटीगंगा

मांगूर तळाशी राहतो आणि मेलेलं, किडे, गोगलगायी, जे मिळेल ते खातो. शिवडा जिवंत मासे गिळतो. त्यामुळे स्मशानघाटाजवळ हाडं-मांस पाण्यात गेलं तर तळाचे मासे त्याला तोंड लावणार, यात नवल नाही. पण खेकडे आणि कोळंबीही तेच करतात आणि त्यांना कुणी नाव ठेवत नाही. मिशा आणि बुळबुळीत अंग यांच्यामुळं सगळा आळ याच्यावर येतो.

बिनखवल्याच्या माशाकडं संशयानं बघणारे आपणच नाही. ज्यू धर्मात पर आणि खवले दोन्ही असलेलाच मासा चालतो, त्यामुळे ही सगळी जात बाद. शिया मुसलमानांतही खवल्याशिवायचा मासा वर्ज्य, सुन्नींत चालतो. जपानात तर जमिनीखाली एक अजस्र मिशीवाला मासा आहे आणि तो हलला की भूकंप होतो अशी कथा आहे. १८५५ च्या एडोच्या (आजच्या टोकियोच्या) भूकंपानंतर त्याची ढिगानं चित्रं छापली गेली. आपल्याकडे १९६७ ला कोयनेचा धक्का बसला तेव्हा धरणाला दोष दिला, माशाला नाही. तेवढी मेहेरबानी.

विळीपाट

समुद्राच्या शिंगाळ्याची गंमत राहिली. रत्नागिरी-मालवणकडून बर्फात येतो तो. कधी तोंड उघडलं की आत गोटीएवढी अंडी निघतात आणि लोक म्हणतात, “बघा, स्वतःचीच अंडी खातो, असला मासा खायचा का?” तो खात नाही, सांभाळतो. मादीनं घातलेली अंडी नर तोंडात धरून कित्येक आठवडे फिरतो आणि तेवढ्या काळात तो स्वतः काही खात नाही. म्हणजे बापावर उगाच आळ.

पण स्वयंपाकाच्या हिशेबानं असला नर घेऊ नये हे बरोबरच. उपाशी असल्यानं मांस रोडावलेलं, पाणचट लागतं. डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि पोट खपाटीला गेलेलं दिसलं की दुसरा मागा. याची कवटी उकडून साफ केली की खालच्या बाजूला क्रुसासारखा आकार दिसतो आणि वाळल्यावर हलवली की कानातले खडे खुळखुळतात. पोरांना खेळायला बरी.

खडामीठ

पित्ताबद्दल एक विचारायचंय. माशाचं पित्त कच्चं गिळलं की साखर उतरते असं ऐकलंय.

बावड्याचा_वैद्य

नाही. ठळक अक्षरात नाही. रोहू, कटला, गवत्या (ग्रास कार्प) यांचं पित्त गिळून मूत्रपिंडं निकामी झाल्याची प्रकरणं भारतात वैद्यकीय नोंदींत आहेत. आधी उलट्या-जुलाब, मग एक-दोन दिवसांत लघवी बंद. शिजवूनही ते विष जात नाही. मांगराचं असो की कुणाचं, पिशवी न फोडता फेकायची. कुणी चुकून गिळलं असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

दम्याला जिवंत मासा गिळायचा तो हैदराबादचा प्रकार विचारणारही कुणीतरी निघेल, म्हणून आत्ताच : तिथं मृगाच्या सुमाराला देतात तो मरळीचा पोरगा असतो, मांगूर नव्हे. मांगराचं पिल्लू गिळायचा प्रयत्न तर अजिबात करू नये, त्याचे काटे घशात ताठ होतात.

तांबडापांढरा

समजुती झाल्या, आता कालवण येऊ दे. कोकणी नको, आपलं.

विळीपाट

साफ तुकड्या ७५० ग्रॅम धरून लिहिते.

तुकड्यांना दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, अर्धं लिंबू लावून २० मिनिटं. ताकातून काढल्या असतील तर लिंबू नको.

वाटण : पाऊण वाटी सुकं खोबरं किसून तांबूस भाजायचं. दोन मध्यम कांदे उभे चिरून थोड्या तेलावर. एक मोठा चमचा तीळ, एक छोटा खसखस, दोन्ही कोरडं. लसूण १५ पाकळ्या, आलं एक इंच, मूठभर कोथिंबीर काड्यांसकट. गंधासारखं बारीक वाटा. मांगराचा रस्सा पातळच असतो, त्यात रवाळ वाटण तळाला बसतं.

तेल पाच मोठे चमचे. तव्यावर त्यातल्या दोन चमच्यांत तुकड्या दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिनिट फिरवून घ्यायच्या. तळायच्या नाहीत, नुसतं वरचं अंग घट्ट करायचं. ही पायरी गाळली की तुकड्या फुटतात, कारण मांगराचं मांस सुरमईसारखं कणखर नसतं.

पातेल्यात उरलेलं तेल, वाटण सहा ते आठ मिनिटं परता, तेल सुटेपर्यंत. मग गॅस अगदी बारीक करून कांदा-लसूण चटणी तीन मोठे चमचे. चटणी आधीच भाजलेल्या मसाल्यांची असते, मोठ्या आचेवर ती अर्ध्या मिनिटात जळते आणि रस्सा काळपट-कडू होतो. लगेच चार वाट्या कढत पाणी. गार पाणी ओतलं की कट वर येत नाही, तेल रश्श्यातच मुरून जातं. पाच मिनिटं उकळी, मग अर्ध्या लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, आणखी पाच मिनिटं. चव आत्ताच बघून मीठ घाला, मासा पडल्यावर ढवळायचं नाही.

तुकड्या सोडा, आच मंद, आठ मिनिटं. चमचा न घालता पातेलं दोन कानांनी धरून फिरवायचं. गॅस बंद करून झाकून १५ ते २० मिनिटं. तेवढ्यात तुकडीत मीठ-तिखट शिरतं. ज्वारीची भाकरी किंवा भात.

तांबडापांढरा

आमसूल का नाही, काकी? आणि माशाचा पांढरा रस्सा होतो का?

विळीपाट

आमसूल चालतं, चार-पाच. पण सुक्या खोबऱ्याच्या वाटणाला चिंचेचा आंबटपणा जास्त धरतो. आमसुलाबरोबर ओलं खोबरं बरं, आणि मग ते कोकणी झालंच.

पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्याचा. माशाची हाडं मटणासारखी दोन तास उकळली तर पाणी कडवट आणि खळीसारखं होतं. हौस असेल तर डोकं, गुच्छ काढून, फक्त २० मिनिटं उकळा, गाळा, पुढं काजू-खसखस-नारळाचं दूध. पण त्याला पांढरा रस्सा म्हणू नका, भांडणं होतील.

खडामीठ

हॉटेलातला बासा पण याच जातीतला ना?

उलटीगंगा

हो, तोही मिशीवालाच. “मी असले मासे खात नाही” म्हणणारे निम्मे लोक लग्नात बोनलेस फिश टिक्का चापतात तो हाच. मूळ व्हिएतनामी बासा ही वेगळी जात, पण जगभर त्या नावाखाली विकला जातो तो बहुतेक त्याचा भाऊबंद पंगस. भारतात शेततळ्यांत आणि धरणांतल्या पिंजऱ्यांत वाढवतात तोही पंगसच. अमेरिकेत तिथल्या मत्स्यशेतकऱ्यांनी ओरड केल्यावर २००२ मध्ये कायदाच झाला की कॅटफिश हे नाव फक्त अमेरिकी कुळातल्या माशालाच लावायचं. म्हणजे नावाचा घोळ फक्त आपल्याच बाजारात नाही.

घेताना तुकडा पांढरा किंवा किंचित गुलाबी बघा. पिवळट नको, तो जुना किंवा हलक्या प्रतीचा. गोठवलेल्या मालावर बर्फाचा थर असतो, म्हणून पाकिटावर निव्वळ वजन किती लिहिलंय ते वाचा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सावकाश वितळवा, मग फडक्यात दाबून कोरडा करा. पाण्यात टाकून घाईनं वितळवला की तव्यावर पाणी सुटतं, रवा गळून पडतो आणि तळण्याऐवजी मासा उकडतो. दोष रव्याला देतात लोक.

बासाला रश्श्यात घालू नका. चव नाही, कातडी नाही, दहा मिनिटांत खिमा.

पाटाखालचं_मांजर

गर्भारपणात कुठला चालेल?

बावड्याचा_वैद्य

माहीत असलेल्या तळ्यातला लहान मांगूर किंवा पंगस, पूर्ण शिजवलेला. मोठा शिवडा टाळावा. दुसरे मासे खाऊन जगणाऱ्या मोठ्या, वयस्कर माशात पारा साठत जातो. बाकी ज्यांची ज्यांची पथ्यं डॉक्टरांनी सांगितलीत ती त्यांनाच विचारा.

जाळंवाला

आणि चढणीचे मासे. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्यानं वर चढणारे मासे धरायची आपल्याकडं झुंबड उडते. त्यात पोटात गाबोळी असलेल्या माद्या जास्त. खायला चवदार असतात यात वाद नाही, पण दर वर्षी मासा कमी झाला म्हणून ओरडणारेही आपणच. शिंगाळ्याची मादी पोट फुगलेली मिळाली तर पाण्यात परत सोडा. नदीत अजून तेवढा तरी देशी मासा उरलाय.

गोटीसोडा

काकी, शेवटचा प्रश्न. पक्कड कुठली?

विळीपाट

लांब नाकाची, साधी. मासळीसाठी वेगळी घ्या. गॅरेजची आणाल तर तुकडीला ग्रीसचा वास, आणि मासळीची गॅरेजला नेली तर पुढचा आठवडाभर मांजरं गाडीमागं.

पाटाखालचं_मांजर

हरकत नाही.